पाच मिनिटांचे भाकीत

१

सकाळी दहा वाजता बिटकॉइनची जी किंमत होती, तिच्यापेक्षा दहा वाजून पाच मिनिटांची किंमत वर असेल की खाली? अमेरिकेत गेल्या काही वर्षांत फोफावलेल्या 'प्रेडिक्शन मार्केट' नावाच्या व्यवसायात हा प्रश्न दिवसाला २८८ वेळा विचारला जातो. रात्र नाही, रविवार नाही, सण नाही. प्रश्न तोच असतो, घड्याळातले आकडे तेवढे बदलतात. उत्तरे दोनच: वर किंवा खाली. उत्तरावर पैसे लावायचे, पाच मिनिटे थांबायचे, आणि पुन्हा तोच प्रश्न.

अशा व्यवहाराची चर्चा अर्थविषयक पुरवणीत व्हावी, वाङ्मयीन अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा व्यवहार एका शब्दावर उभा आहे, आणि शब्दांची झडती घेणे हे समीक्षेचेच काम आहे. जुगार म्हटले की कायदा आडवा येतो, घरचे आडवे येतात. 'प्रेडिक्शन' म्हटले की हवामानखाते आठवते, निवडणुकीचा अभ्यास आठवतो, विज्ञान आठवते. आपली वर्तमानपत्रेही आता 'भाकीत बाजार' असे भाषांतर करून मोकळी होऊ लागली आहेत. मराठीत भाक म्हणजे दिलेला शब्द, आणि भाकीत करणारा माणूसही एका अर्थी शब्द देत असतो. जगाविषयी मला काही कळले आहे, ते मी आधी सांगतो, चुकलो तर माझे नाव जाईल, असा तो करार असतो. वरच्या प्रश्नात असा करार आहे का, हे या लेखात तपासायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या प्रश्नाचे व्याकरण भाकिताचे आहे आणि आशय सट्ट्याचा. ही विसंगती भाषेपुरती राहत नाही, कारण त्या व्याकरणाच्या जोरावरच या धंद्याला परवाना मिळतो आहे.

२

आधी मजकूर वाचू. या बाजारांचे नियम सर्वांना वाचायला उपलब्ध असतात, पण पैसे लावणारे ते क्वचितच वाचतात. पॉलिमार्केट या कंपनीच्या बाजाराचा नियम साधारण असा आहे: ठरलेल्या मुदतीच्या शेवटी बिटकॉइनची किंमत मुदतीच्या सुरुवातीच्या किमतीइतकी किंवा तिच्यापेक्षा जास्त असेल, तर निकाल 'वर', नाहीतर 'खाली'. किंमत कोणती धरायची, तर चेनलिंक या व्यवस्थेकडून येणारा दरांचा ठरावीक प्रवाह. इतर कुठल्या बाजारात त्या क्षणी काय दर होता, याला महत्त्व नाही.

या दोनतीन वाक्यांत पाहण्यासारख्या गोष्टी आहेत. पहिली, किंमत तसूभरही हलली नाही तरी निकाल 'वर'. शब्दकोशात 'वर' या शब्दाचा असा अर्थ सापडणार नाही. बरोबरी कुणाच्या तरी पदरात टाकावी लागते म्हणून तो करावा लागतो. दुसरी, प्रश्न बिटकॉइनविषयी असल्यासारखा दिसतो, पण नियमाप्रमाणे तो एका विशिष्ट तारेवरून येणाऱ्या आकड्याविषयी आहे. त्या आकड्याच्या पलीकडे कोणती वस्तुस्थिती असते, याची नियमाला गरज नाही. कालशी या दुसऱ्या मोठ्या अमेरिकी कंपनीच्या अल्पमुदतीच्या बाजारांत निकालासाठी एकच क्षण न धरता शेवटच्या साठ सेकंदांतील निर्देशांकाची सरासरी धरण्याची पद्धत आहे. ही सावधगिरी योग्यच आहे, पण तिच्यात एक कबुलीही आहे. एकट्या सेकंदाचा दर भरवशाचा नसतो, त्याला धक्का देता येतो, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक आहे.

व्यवहाराची रीत सोपी आहे. 'वर' या बाजूचा एक हिस्सा बरोबर ठरला तर एक डॉलर देतो, चुकला तर शून्य. तो ५४ सेंटला मिळत असेल तर बाजाराच्या मते 'वर' जाण्याची शक्यता ५४ टक्के, असे त्याचे वाचन करतात. मुदत सुरू होताना भाव पन्नासच्या आसपास असतो. मग दर जसजसा सुरुवातीच्या रेषेपासून दूर सरकतो आणि वेळ संपत येते, तसतसा तो भाव नव्वदकडे किंवा दहाकडे धावतो.

आता यात ज्ञानाला जागा किती, ते मोजून पाहता येते. समजा, एखाद्याला बिटकॉइनविषयी असे काही कळले आहे की वर्षभरात त्याची किंमत दुप्पट होणार, याची त्याला पक्की खात्री आहे. जगातल्या कुठल्याही गुंतवणूकदाराने हेवा करावा असे हे ज्ञान. बिटकॉइनच्या किमतीचा वार्षिक चढउतार ५० टक्के धरू. ही काही अतिशयोक्त धारणा नाही. वर्षात पाच मिनिटांच्या १,०५,१२० मुदती असतात. चढउतार काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हा संभाव्यताशास्त्राचा साधा नियम लावला तर एका मुदतीतली हेलकाव्याची प्रमाण मर्यादा सुमारे ०.१५ टक्के येते. आणि वर्षभराच्या दुपटीपैकी त्या एका मुदतीच्या वाट्याला येतो ०.०००७ टक्क्याहूनही कमी भाग. हेलकाव्याच्या तुलनेत हा भाग इतका किरकोळ आहे की, आपल्या सर्वज्ञ माणसाची पाच मिनिटांत बरोबर ठरण्याची शक्यता ५०.१७ टक्के निघते. नाणे उडवणाऱ्याची ५०. पन्नास सेंटला हिस्सा घेतला तर या ज्ञानाचा मोबदला शंभर रुपयांमागे ३४ पैसे. मध्यस्थाचे शुल्क शंभराला एक रुपया जरी धरले, तरी ते या मोबदल्याच्या तिप्पट होते.

हे गणित ज्याला पटेल त्याला पुढचे पटवायला वेळ लागू नये. बिटकॉइनचे तंत्र, अमेरिकेचे व्याजदर, सरकारांची धोरणे, यांतले काहीही पाच मिनिटांच्या चौकटीत शिरत नाही. शिरते ती एकच गोष्ट: वेग. मूळ बाजारात दर हलला, हे ज्याच्या यंत्राला इतरांच्या आधी दिसले, तो जुन्या भावाने हिस्सा उचलतो. समोरचा माणूस मोबाइलच्या पडद्यावर आलेख पाहत बसलेला असतो. त्या दोघांत फरक शहाणपणाचा नसतो, सेकंदाच्या काही भागांचा असतो.

३

या बाजारांचे समर्थक एक जुना आणि आदरणीय युक्तिवाद पुढे करतात, त्याला न्याय द्यायला हवा. १९४५ साली फ्रीडरिख हायेक या अर्थतज्ज्ञाने समाजातील ज्ञानाच्या वापराविषयी एक निबंध लिहिला. त्यातले उदाहरण कथिलाचे होते. जगात कुठेतरी कथिलाची टंचाई झाली, किंवा त्याला नवा उपयोग सापडला. कथिल वापरणाऱ्या हजारो लोकांना यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही. भाव वाढला एवढे कळले की ते कथिल जपून वापरू लागतात. विखुरलेले ज्ञान गोळा होऊन किमतीच्या रूपाने गरजवंतापर्यंत पोहोचते.

याच विचाराचा धागा धरून आयोवा विद्यापीठाने १९८८ साली निवडणुकीच्या निकालांवर एक छोटा बाजार सुरू केला. अभ्यासासाठी असलेल्या त्या बाजारात एका व्यक्तीला ५०० डॉलरच्या पलीकडे गुंतवता येत नसे. प्रश्न असा होता: लोकांनी मनात ठरवलेले, पाहणी करणाऱ्याला न सांगितलेले, गावोगाव विखुरलेले काही असेल, तर ते भावात उमटते का? प्रश्न खरा होता. निवडणूक ही जगात घडणारी गोष्ट आहे. तिच्याविषयी कुणाला जास्त, कुणाला कमी कळू शकते. आणि तिचे उत्तर पैसे न लावणाऱ्यालाही हवे असते.

आजच्या कंपन्या याच परंपरेचा वारसा सांगतात. कालशीला अमेरिकेच्या कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनची मान्यता २०२० मध्ये मिळाली. २०२४ मध्ये निवडणुकीच्या करारांवरून त्याच आयोगाविरुद्धचा खटला तिने जिंकला. पॉलिमार्केटला जानेवारी २०२२ मध्ये याच आयोगाने १४ लाख डॉलरचा दंड केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराची मालक असलेल्या इंटरकॉन्टिनेंटल एक्स्चेंजने तिच्यात दोन अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली. पावणेचार वर्षांत दंडापासून भागीदारीपर्यंतचा हा प्रवास ज्या शब्दाच्या आधाराने झाला, तो शब्द 'प्रेडिक्शन'.

पण हायेकचा युक्तिवाद पाच मिनिटांच्या बाजाराला लावून पाहा. कथिलाच्या भावामागे कथिल होते, खाण होती, कारखाना होता. इथे भाव कशाचा आहे? एका भावाचा. बिटकॉइनचा दर हाच मुळात हजारो लोकांच्या खरेदीविक्रीतून बनलेला आकडा. विखुरलेले ज्ञान जे काही असेल ते त्यात आधीच उतरलेले आहे. त्या आकड्याच्या पुढच्या थरथरीवर दुसरा भाव काढून नवे काय कळणार? आणि कळले तरी ते कुणाला हवे आहे? दहा वाजून पाच मिनिटांनी बिटकॉइन सोळा डॉलरने वर असेल, हे ऐकून कोणता शेतकरी पेरणी बदलेल, कोणता कारखानदार मालाची मागणी बदलेल, कोणते सरकार धोरण बदलेल? ज्या उत्तराची वाट पैज लावणाऱ्याखेरीज कोणीच पाहत नाही, त्याला भाकीत म्हणता येत नाही.

४

दराच्या हालचालीवर पैज लावण्याचा हा प्रकार अमेरिकेला नवा नाही. १८६७ मध्ये शेअरच्या भावांची पट्टी छापणारे टिकर यंत्र आले आणि त्यापाठोपाठ 'बकेट शॉप' नावाची दुकाने शहराशहरांत निघाली. आपल्याकडे ज्याला 'डब्बा' म्हणतात तोच हा प्रकार. गिऱ्हाईक शेअर घेतो असे म्हणायचे, पण शेअर कुठे घेतलाच जात नसे. दुकानदार त्याचे पैसे आपल्याकडे ठेवून घेई. पट्टीवर भाव वर आला तर देई, खाली गेला तर गिळे. सगळा कारभार त्या कागदी पट्टीवर चाले.

या दुकानांचे सर्वांत चांगले वर्णन एडविन लेफेव्हर यांच्या १९२३ सालच्या 'रेमिनिसन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर' या पुस्तकात आहे. जेसी लिव्हरमोर या सटोडियाच्या आयुष्यावर बेतलेले हे आत्मकथन शेअर बाजारातले लोक आजही उपदेशाचे पुस्तक म्हणून वाचतात. त्यातला एक भाग मात्र उपदेश म्हणून वाचला जात नाही, आणि आपल्याला तोच महत्त्वाचा आहे. पेढीच्या फळ्यावर भाव लिहिणारा एक पोऱ्या आकड्यांची चाल ओळखायला शिकतो आणि बकेट शॉपमध्ये इतका जिंकतो, की दुकाने त्याला दारात उभे करीनाशी होतात. मग तो न्यूयॉर्कला जातो, खऱ्या पेढीत खरे शेअर घेऊ लागतो, आणि सपाटून हरतो. का? बकेट शॉपमध्ये पट्टीवरचा भाव हाच सौद्याचा भाव होता. खऱ्या बाजारात पट्टीवर आलेला भाव मागे पडलेला असे. प्रत्यक्ष खरेदी होईपर्यंत बाजार पुढे गेलेला असे. त्याने कमावलेले ज्ञान शेअरविषयी नव्हते, पट्टीविषयी होते. जगाशी गाठ पडताच ते निकामी झाले.

पाच मिनिटांच्या बाजाराची संहिता म्हणजे बकेट शॉपची सुधारलेली आवृत्ती आहे: निकाल पट्टीवरच्या आकड्याने, वस्तूची देवघेव नाही. एक फरक मान्य करायला हवा, आणि तो लहान नाही. बकेट शॉपमध्ये गिऱ्हाइकाचा प्रतिस्पर्धी स्वतः दुकानदार असे, म्हणून तो लबाडी करी. इथे पैजेच्या दुसऱ्या बाजूला दुसरा खेळाडू असतो, मागणी आणि पुरवठ्याची यादी उघड असते, जिंकणाऱ्याला कोणी हाकलत नाही. कंपनीला लाभ होतो तो उलाढालीतून. पण उलाढालीवर जगणाऱ्याला काय हवे असणार? मुदत जितकी लहान, तितक्या पैजा जास्त. आधी तासाचे बाजार, मग पंधरा मिनिटांचे, मग पाच मिनिटांचे, ही उतरण अपघाताने आलेली नाही.

बकेट शॉपचा प्रश्न १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही पट्टीच्या हक्काच्या निमित्ताने. शिकागोच्या धान्य बाजाराने आपले भाव या दुकानांना वापरू देणार नाही असे म्हटले. दुकानदारांचा बचाव मार्मिक होता: तुमच्याकडेही बहुतेक सौद्यांत धान्याचा दाणा हलत नाही, मग तुम्ही वेगळे कसे? न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल धान्य बाजाराच्या बाजूने दिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की जाणत्यांनी केलेला सट्टा ही येऊ घातलेल्या परिस्थितीशी समाजाने जुळवून घेण्याची एक रीत आहे. अजाणांची नक्कल त्यात नुकसान करून घेते, तरी मूळ रीत मोलाची. या कसोटीवर समाज मध्यभागी आहे. समाजाला कशाशी तरी जुळवून घ्यायचे असले पाहिजे. पाच मिनिटांच्या हेलकाव्याशी समाज जुळवून घेत नाही, आणि त्याने घेऊही नये.

५

वस्तू केवळ निमित्त असते आणि खेळ आकड्याचाच असतो, याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईने तो साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होतानाचे दर तारेने येत. त्या दरांतून निघणाऱ्या आकड्यावर लोक पैसे लावत. यालाच 'आकडा' म्हणत. वरवर पाहता हा कापसाशी जोडलेला व्यवहार होता, आणि कापसाशी मुंबईचे नाते काही साधे नव्हते. गिरण्या कापसावर चालत होत्या, गिरणगावातली घरे त्या गिरण्यांवर. न्यूयॉर्कच्या दराशी इथल्या कामगाराच्या पोटाचा दूरचा का होईना संबंध होता.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून हे दर येणे थांबले. आकडा कापसाविषयी असता, तर खेळ तिथेच संपायला हवा होता. तो संपला नाही. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून त्या काढल्या जाऊ लागल्या, आणि खेळाला 'मटका' हे नाव मिळाले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला आपला मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा अंक धरायचा. न्यूयॉर्क गेले, कापूस गेला, तार गेली. राहिले दोन शब्द: 'ओपन' आणि 'क्लोज'. बाजार उघडतानाचा दर आणि बंद होतानाचा दर, असा ज्यांचा मूळ अर्थ, ते शब्द आता रात्रीच्या पहिल्या आणि दुसऱ्या आकड्याची नावे झाले. बाजार नसलेल्या बाजाराची ती जीवाश्मे होती.

मटक्याच्या इतिहासाकडे गुन्हेगारीचा इतिहास म्हणून पुष्कळ पाहिले गेले. त्यातली ही भाषिक घटना मला अधिक बोलकी वाटते. खेळणाऱ्याला कापसाची गरज कधीच नव्हती. गरज होती दुरून येणाऱ्या, आपल्या हातात नसलेल्या, म्हणून निष्पक्ष वाटणाऱ्या आकड्याची. न्यूयॉर्कचा दर कोणी वरळीत बसून बदलू शकत नाही, हा त्याचा गुण. बिटकॉइनचा दर आज नेमके तेच काम करतो. आणि मटक्याच्या खेळाडूने जुन्या आकड्यांचे तक्ते जपले, त्यांतून 'चाल' शोधली, स्वप्नांचे आकडे काढले, तसेच आज आलेखांवरच्या लाल-हिरव्या कांड्यांतून चाल शोधली जाते. दरातला शेवटचा अंक हा वस्तूविषयी सर्वांत कमी सांगणारा अंक असतो. पाच मिनिटांची हालचाल म्हणजे बिटकॉइनच्या किमतीचा असाच शेवटचा अंक. मटका खेळणारा निदान स्वतःला 'ट्रेडर' म्हणवून घेत नव्हता. 'आकडा लावला' हे त्याचे क्रियापद प्रामाणिक होते.

६

जुगारावरचे थोर साहित्य वाचताना एक गोष्ट लक्षात येते: त्यातले नाट्य निकालात नसते, निकालाच्या आधीच्या आणि नंतरच्या काळात असते. दोस्तोयेव्हस्कीने 'द गॅम्बलर' ही कादंबरी १८६६च्या ऑक्टोबरमध्ये सव्वीस दिवसांत लघुलेखिकेला सांगून लिहिली. मुदतीत कादंबरी न दिल्यास पुढची नऊ वर्षे त्याचे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. म्हणजे ही कादंबरीही एका जीवघेण्या पैजेखाली लिहिली गेली. तिच्यातली वृद्ध आजी चाकाच्या खोलीत बसून शून्यावर पैसे लावत राहते, तेव्हा आपण चाक पाहत नाही. तिच्या मरणाची वाट पाहत असलेले, वारशावर डोळा ठेवलेले नातलग पाहतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या जागेत माणसे आहेत. शिवाय त्या चाकाने आपण जगाविषयी काही सांगतो असा दावा कधीच केला नाही.

महाभारतातले नलोपाख्यान तर थेट ज्ञानाच्या प्रश्नाला भिडते. फाशांत राज्य हरलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत राजा एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. नलाला ते खरे वाटत नाही. तो रथ थांबवून मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो, आणि त्याच क्षणी कली नलाच्या देहातून बाहेर पडतो. झाड बेहड्याचेच असणे योगायोग नाही. प्राचीन काळी फासे बेहड्याच्या फळांचे असत, आणि पसरलेल्या फळांची संख्या झटकन ओळखणे हे त्या खेळातले कौशल्य असावे, असे अभ्यासक मानतात. उपाख्यानकाराला जे दिसले ते असे, की जुगाराच्या नादातून सुटका नशीब फिरल्याने होत नाही. झाडापाशी थांबून, मोजून, पडताळून होते. रथ थांबवावा लागतो.

पाच मिनिटांच्या बाजारात थांबण्याची सोयच काढून टाकली आहे. नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास व्हेगासमधील यंत्रांवर खेळणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास करून २०१२ मध्ये 'ॲडिक्शन बाय डिझाइन' हे पुस्तक लिहिले. त्यांचे मुख्य निरीक्षण असे, की सवय जडलेला खेळाडू जिंकण्यासाठी खेळत नाही. खेळत राहता यावे म्हणून खेळतो. फेरी जितकी लवकर संपते, तितका तो बाहेरच्या काळातून सुटतो. हे वाचले की २८८ या संख्येचा अर्थ बदलतो. दिवसाला दोन आकडे काढणाऱ्या मटक्याने कामगाराला मधले तास तरी सोडले होते: कामाला, पश्चात्तापाला, बायकोच्या शब्दाला. आता हरल्याचे दुःख पुरते पोहोचायच्या आत पुढची मुदत उघडलेली असते.

७

हे वर्ज्य करण्यासारखे आहे असे म्हणणाऱ्याला दोन उत्तरे मिळतात. सज्ञान माणसाने आपल्या पैशाचे काय करावे ते त्याला ठरवू द्या, हे पहिले. त्याचे वजन मी नाकारत नाही. पण स्वातंत्र्याच्या या युक्तिवादाला वस्तू तिच्या नावाने विकली जाणे ही किमान अट आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी खेळांवर पैज लावायला वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. प्रेडिक्शन मार्केटमध्ये अठराव्या वर्षी प्रवेश मिळतो. तीन वर्षांचा हा फरक एका शब्दाने पडलेला आहे. जुगाराचे नियमन राज्यांकडे आणि वायदेबाजाराचे केंद्रीय आयोगाकडे, अशी तिथली वाटणी असल्याने अनेक राज्ये आणि या कंपन्या यांच्यात न्यायालयीन लढाया जुंपल्या आहेत. त्या लढायांचा विषय वरकरणी अधिकारक्षेत्राचा आहे, मुळात तो नाव ठेवण्याचा आहे.

दुसरे उत्तर असे, की ही नवी गोष्ट आहे, तिला वेळ द्या. पण ती नवी नाही. काही मिनिटांत दर वर की खाली, बरोबर ठरल्यास ठरलेली रक्कम, चुकल्यास सगळे गेले, हाच सौदा दहा वर्षांपूर्वी 'बायनरी ऑप्शन' या नावाने जगभर विकला जात होता. इस्रायलच्या संसदेने २०१७ मध्ये तो धंदा बंद केला. युरोपीय संघाच्या नियामकाने जुलै २०१८ पासून सामान्य ग्राहकांसाठी त्यावर बंदी घातली, ब्रिटनने २०१९ मध्ये ती कायम केली. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये बंदी घातली, तेव्हा तिथल्या नियामकाच्या पाहणीत सुमारे ८० टक्के सामान्य ग्राहक तोट्यात गेलेले आढळले होते. त्या धंद्यात फसवेगिरी भरपूर होती, आणि आजच्या व्यवस्था त्या तुलनेत पारदर्शक आहेत, हे खरे. पण पारदर्शकतेने सौद्याचे स्वरूप बदलत नाही.

भारतात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. 'ओपिनियन ट्रेडिंग' या नावाने, म्हणजे मताचा व्यापार म्हणून, हाच प्रकार मोबाइलवर पसरू लागला होता. सेबीने एप्रिल २०२५ मध्ये हे आपल्या कक्षेत येत नाही आणि इथे गुंतवणूकदाराला संरक्षण नाही, असा इशारा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंदी आणणारा कायदा केला. सरसकटपणाने काही बऱ्या गोष्टीही चिरडल्या जातात, अशी टीका झाली आणि ती विचारात घेण्यासारखी आहे. निवडणूक, साथीचे रोग, पाऊस यांविषयीचे छोटे, मर्यादित रकमेचे, अभ्यासाचे बाजार उपयोगी ठरू शकतात. नेमक्या याच कारणाने पाच मिनिटांच्या सट्ट्याला त्यांच्या पंगतीत बसू देता कामा नये. त्याच्या बदनामीत उद्या तेही बुडतील.

भेद करायचा तर तीन प्रश्न पुरेसे आहेत. पैजेबाहेरच्या कुणाला या उत्तराची गरज आहे का? उत्तर शोधायला, म्हणजे वाचायला, विचारायला, मोजायला, मुदतीत वेळ आहे का? आणि निकाल जगातल्या घटनेवरून ठरतो, की एका भावावरून? आयोवाचा बाजार तिन्हींत उत्तीर्ण होतो. जुन्या कलकत्त्यात पावसावर सट्टा चाले आणि १८९७ मध्ये बंगालच्या कायद्याने तो बंद केला. त्या सट्ट्यालाही आभाळाकडे पाहावे लागत होते. बिटकॉइनची पाच मिनिटे तिन्ही प्रश्नांत नापास होतात.

मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. होरा, अंदाज, अदमास, भाकीत या ज्ञानाच्या बाजूच्या छटा. पैज, सट्टा, जुगार, आकडा या दुसऱ्या बाजूच्या. दोन्ही बाजूंच्या मधली रेषा आपल्या भाषेने बाजारात आणि चाळीत, दोन्हीकडे पुष्कळ अनुभव घेऊन आखली आहे. बातमी लिहिणाऱ्याने आणि तिचे भाषांतर करणाऱ्याने 'भाकीत बाजार' असे लिहिण्यापूर्वी प्रश्नाची मुदत पाहावी. ती पाच मिनिटांची असेल तर 'दराच्या हालचालीवरचा सट्टा' असे लिहावे. अठरा वर्षांच्या मुलाने ती बातमी वाचली, तर आपण कशावर पैसे लावतो आहोत, एवढे तरी त्याला त्याच्या भाषेत कळेल.